यूएफसी कशी वाढली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लढाऊ क्रीडाप्रकारांविषयी लिहू लागल्यापासून नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून जे प्रश्न सतत येतात, त्यांपैकी यूएफसीच्या वाढीशी संबंध असलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत, तालमीतले मल्ल आहेत आणि मुलाच्या नव्या वेडाने काळजीत पडलेले पालकही आहेत. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे आले असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. यूएफसी हे खेळाचे नाव आहे की कंपनीचे?

कंपनीचे. खेळाचे नाव मिक्स्ड मार्शल आर्ट्स, अर्थात एमएमए. त्यात ठोसे, लाथा, कुस्तीतली पाडापाडी आणि जमिनीवरचे पेच हे सारे एकाच लढतीत चालते. अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप ही त्या खेळाच्या लढती भरवणारी अमेरिकी संस्था आहे. जत्रेतल्या मैदानात जशी कमिटी जोडी ठरवते, इनाम जाहीर करते आणि निकालाची कुस्ती शेवटी ठेवते, तसेच हे काम आहे; फरक इतकाच की येथे मल्ल वर्षानुवर्षांच्या करारानेही कमिटीशी बांधलेला असतो. हा फरक किरकोळ वाटतो, पण यूएफसीच्या वाढीचे अर्धे गणित त्यातच आहे (प्रश्न १६ आणि २० पाहा).

२. पहिला कार्यक्रम कधी आणि कुठे झाला?

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी, अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या डेन्व्हर शहरात. आर्ट डेव्ही या जाहिरात व्यावसायिकाने आणि ब्राझीलच्या ग्रेसी घराण्यातील रोरियन ग्रेसी यांनी ही कल्पना मांडली होती. आठ स्पर्धक, एकाच रात्रीत बाद फेरी आणि विजेत्याला ५० हजार डॉलर, अशी रचना होती. वजनगट नव्हते आणि पंचांचे गुणांकनही नव्हते. चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे यांना मनाई होती, पण ते केले तरी केवळ दंड होता. पहिल्याच लढतीत सुमो मल्ल टेला टुली याच्या तोंडावर जेरार्ड गोर्डोची लाथ बसली आणि त्याचा दात उडाला. आर्ट जिमरसन हा मुष्टियोद्धा एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला. जिंकला तो रोरियन यांचा धाकटा भाऊ रॉयस ग्रेसी, जो त्या आठ जणांत सर्वांत धिप्पाड तर नव्हताच, उलट अंगाने किरकोळ होता. त्याने एकाही प्रतिस्पर्ध्याला ठोशांनी झोपवले नाही. जमिनीवर नेऊन शरण यायला लावले. या कार्यक्रमाने जगभरच्या मार्शल आर्ट्सच्या वर्गांत जी खळबळ उडवली, तिचे मूळ या एका गोष्टीत आहे.

३. ही नुरा कुस्ती तर नाही ना? डब्ल्यूडब्ल्यूई आणि यूएफसी एकाच मालकाच्या आहेत असे वाचले.

मालकीबद्दल वाचलेले खरे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दोन्ही कंपन्या टीकेओ ग्रुप होल्डिंग्ज या एकाच छत्राखाली आल्या. त्या व्यवहारात यूएफसीचे मूल्य सुमारे १२.१ अब्ज डॉलर आणि डब्ल्यूडब्ल्यूईचे सुमारे ९.३ अब्ज डॉलर धरले गेले. तथापि डब्ल्यूडब्ल्यूईचे निकाल आधी लिहिलेले असतात आणि ती कंपनी ते लपवतही नाही, तर यूएफसीच्या लढती खऱ्या असतात आणि अमेरिकेत त्या राज्य क्रीडा आयोगांच्या देखरेखीखाली होतात. मात्र कोणाची जोडी कोणाशी लागेल आणि पट्ट्यासाठी, म्हणजे विजेतेपदासाठी, कोणाला संधी मिळेल, हे कंपनीच ठरवते. क्रमवारीत वर असलेला फायटर वाट पाहत बसतो आणि तिकिटे खपवणारा पुढे जातो, हे अनेकदा घडले आहे. निकाल ठरवलेला नसतो. निकालापर्यंत कोण पोहोचेल, हे बऱ्याच अंशी ठरवलेले असते.

४. यूएफसीवर बंदी आली होती, हे खरे का? मग ती उठली कशी?

खरे आहे, आणि बंदीला निम्मे कारण कंपनीची स्वतःची जाहिरात होती. सुरुवातीच्या काळात ‘येथे कोणतेही नियम नाहीत’ असे सांगूनच हा कार्यक्रम विकला गेला. तो विकला गेलाही, परंतु त्याच घोषणेने विरोधकांच्या हाती कोलीत मिळाले. ॲरिझोनाचे सिनेटर जॉन मॅकेन यांनी याला माणसांची कोंबडझुंज म्हटले आणि १९९६ मध्ये सर्व ५० राज्यांच्या गव्हर्नरांना पत्र लिहून बंदीची मागणी केली. पाठोपाठ ३६ राज्यांनी अशा लढतींना मनाई केली. त्याहून मोठा घाव केबल कंपन्यांनी घातला: त्यांनी पैसे भरून पाहण्याच्या यादीतून यूएफसीला वगळले आणि उत्पन्नाचा मुख्य झराच आटला.

फेब्रुवारी १९९७ मधला बारावा कार्यक्रम या काळाची चांगली कल्पना देतो. तो न्यूयॉर्क राज्यात व्हायचा होता. तेथील परवानगी ऐनवेळी फिसकटली आणि फायटर, कर्मचारी, सामानसुमान असा सारा लवाजमा विमानाने अलाबामातल्या डोथन या लहानशा गावी हलवावा लागला. त्याच कार्यक्रमात मात्र प्रथमच दोन वजनगट आले. त्याच वर्षी पुढे ग्लोव्ह सक्तीचे झाले आणि डोक्याने धडक मारण्यासारखे प्रकार बंद झाले.

बंदी एका दिवसात उठली नाही. राज्य आयोगांना मान्य होतील असे नियम स्वीकारल्यावर (प्रश्न ५) एकेक दार उघडत गेले. नोव्हेंबर २००० मध्ये न्यू जर्सीने, तर सप्टेंबर २००१ मध्ये नेवाडाने, म्हणजेच लास व्हेगासने, कार्यक्रम होऊ दिला. न्यूयॉर्क सर्वांत शेवटी, २०१६ मध्ये वळले. फ्रान्समध्ये एमएमएला २०२० साली मान्यता मिळाली आणि २०२२ मध्ये यूएफसी पॅरिसला पोहोचली. नियम नसलेला खेळ म्हणून तिची ओळख झाली आणि नियम आल्यावर तिची वाढ झाली. ‘खरी मजा जुन्या काळात होती’ असे लिहिणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा.

५. आजचे नियम थोडक्यात सांगाल का?

न्यू जर्सीच्या क्रीडा नियंत्रण मंडळाच्या पुढाकाराने २००० आणि २००१ मध्ये एकसमान नियमावली तयार झाली; आजही तीच मूळ आधार आहे. साधी लढत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, तर पट्ट्यासाठीची आणि कार्यक्रमाची मुख्य लढत पाच फेऱ्यांची असते. तीन पंच मुष्टियुद्धाप्रमाणे प्रत्येक फेरीत विजेत्याला दहा गुण देतात. डोळ्यांत बोट घालणे, जांघेत मारणे, मानेच्या मागे आणि मणक्यावर प्रहार करणे, पडलेल्याच्या डोक्यावर लाथ किंवा गुडघा मारणे हे सारे नियमबाह्य आहे. पुरुषांचे आठ वजनगट ५६.७ किलोपासून १२०.२ किलोपर्यंत आहेत; महिलांचा सर्वांत हलका गट ५२.२ किलोचा आहे. अष्टकोनी पिंजऱ्याचा व्यास ३० फूट असतो. लास व्हेगासमधील कंपनीच्या स्वतःच्या सभागृहात मात्र २५ फुटांचा लहान पिंजरा वापरतात, आणि तेथे पळायला जागा कमी असल्याचा परिणाम लढतीच्या वेगावर दिसतो.

६. वीस लाख डॉलरना घेतलेली कंपनी चार अब्जांना कशी विकली गेली?

जानेवारी २००१ मध्ये लास व्हेगासचे कॅसिनोमालक फ्रँक आणि लोरेंझो फर्टिटा या भावांनी, डेना व्हाइट या मित्राच्या आग्रहावरून, डबघाईला आलेली यूएफसी सुमारे २० लाख डॉलरना घेतली. झुफा नावाची कंपनी त्यासाठी उभी केली. लोरेंझो पूर्वी नेवाडाच्या क्रीडा आयोगाचे सदस्य होते, ही बाब सहसा ओझरती सांगितली जाते, पण माझ्या मते ती कळीची आहे. नियामकाला काय हवे असते, हे आतून माहीत असलेला माणूस मालक झाला. आधीच्या मालकांना आयोग अडथळा वाटत होता. या मालकांनी आयोगाची मान्यता हाच विक्रीचा मुद्दा केला.

तरीही पहिली चार वर्षे पैसा बुडतच होता. तोटा चार कोटी डॉलरांच्या पुढे गेला आणि कंपनी विकण्याचाही विचार झाला. शेवटचा डाव म्हणून त्यांनी सुमारे एक कोटी डॉलर स्वतःच्या खिशातून घालून ‘द अल्टिमेट फायटर’ ही दूरचित्रवाणी मालिका काढली, कारण स्पाइक वाहिनी निर्मितीखर्च उचलायला तयार नव्हती. जानेवारी २००५ मध्ये ती सुरू झाली. होतकरू फायटर एका घरात राहतात, एकत्र सराव करतात आणि एकमेकांशी लढतात, असा तिचा साचा होता. ९ एप्रिल २००५ रोजीच्या अंतिम कार्यक्रमात फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बॉनर पंधरा मिनिटे अक्षरशः थांबले नाहीत. निकाल ग्रिफिनच्या बाजूने लागला, पण करार दोघांनाही मिळाला. ही लढत फुकट पाहता आली होती, आणि अनोळखी प्रेक्षकाने प्रथमच या खेळाला आपला अर्धा तास दिला.

त्यानंतरची पावले प्रक्षेपणाच्या करारांवर मोजता येतात. २०११ मध्ये फॉक्सशी सात वर्षांचा करार झाला. त्यातली पहिली लढत केन व्हेलास्केझ आणि ज्युनियर डॉस सँटोस यांची होती आणि ती ६४ सेकंदांत आटोपली. मालकांना घाम फुटला असणार. जुलै २०१६ मध्ये डब्ल्यूएमई-आयएमजी समूहाने यूएफसी सुमारे ४ अब्ज, म्हणजे ४०० कोटी डॉलरना घेतली. २०१९ पासून ईएसपीएन आले. ऑगस्ट २०२५ मध्ये पॅरामाउंटशी सात वर्षांचा ७.७ अब्ज डॉलरचा करार जाहीर झाला, आणि त्यामुळे २०२६ पासून अमेरिकेत प्रत्येक मोठ्या कार्यक्रमासाठी वेगळे पैसे भरण्याची जुनी पद्धत संपली.

७. स्पर्धक कंपन्या नव्हत्या का?

होत्या, आणि त्यांपैकी बऱ्याच यूएफसीने विकत घेतल्या: डब्ल्यूईसी २००६ मध्ये, जपानची प्राइड २००७ मध्ये आणि स्ट्राइकफोर्स २०११ मध्ये. प्राइड एकेकाळी यूएफसीहून मोठी होती. तिच्या कार्यक्रमांना जपानी स्टेडियम भरत असत. या खरेदींबरोबर फायटरचे करारही आले, त्यामुळे उत्तम फायटरना दुसरीकडे जाण्याच्या वाटा कमी झाल्या. सध्या अमेरिकेत पीएफएल ही दुसरी मोठी संस्था आहे. तिने २०२३ मध्ये बेलाटोर विकत घेतली. आशियातल्या वन चॅम्पियनशिप या संस्थेबद्दल प्रश्न ११ पाहा.

८. महिलांच्या लढती केव्हा सुरू झाल्या?

२३ फेब्रुवारी २०१३ रोजी, राँडा राउझी विरुद्ध लिझ कार्मूश. यूएफसीत महिला कधीच लढणार नाहीत, असे कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष डेना व्हाइट यांनी त्याआधी दोनच वर्षांपूर्वी सांगितले होते. ज्युदोत ऑलिम्पिक कांस्यपदक मिळवलेल्या राउझीमुळे त्यांचे मत बदलले. पहिलीच लढत कार्यक्रमाची मुख्य लढत होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्नला हॉली होमने राउझीला हरवले, तेव्हा स्टेडियममध्ये ५६ हजारांहून अधिक प्रेक्षक होते.

९. अमेरिकेबाहेर यूएफसी कशी पसरली?

एका ठरावीक पद्धतीने: आधी त्या देशाचा एक चेहरा शोधायचा आणि मग तेथे कार्यक्रम न्यायचा. आयर्लंडमध्ये हे कॉनर मॅकग्रेगरने केले. त्याने नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच वेळी दोन वजनगटांचे पट्टे मिळवले. त्याची आणि दागेस्तानच्या खबीब नुरमागोमेदोवची ऑक्टोबर २०१८ मधली लढत सुमारे २४ लाख घरांनी पैसे भरून पाहिली. चीनसाठी झांग वेइली होती: ऑगस्ट २०१९ मध्ये शेन्झेनला तिने ४२ सेकंदांत पट्टा जिंकला, आणि त्याच वर्षी शांघायमध्ये कंपनीचे प्रशिक्षण केंद्रही उघडले. नायजेरियात जन्मलेले कमारू उस्मान आणि इस्रायल अडेसान्या, कॅमेरूनचा फ्रान्सिस एन्गानू यांनी आफ्रिकेत प्रेक्षक मिळवून दिला.

अबू धाबीचा मार्ग वेगळा आहे. तेथे चेहरा नव्हे तर पैसा आधी आला. २०१० मध्ये तेथील सरकारी मालकीच्या फ्लॅश एंटरटेनमेंटने यूएफसीचा दहा टक्के हिस्सा घेतला आणि त्याच वर्षी उघड्यावर पहिला कार्यक्रम झाला. कोविडच्या काळात हीच ओळख कामी आली. बहुतेक खेळ ठप्प असताना यूएफसीने मे २०२० मध्ये फ्लोरिडात रिकाम्या सभागृहात कार्यक्रम घेतला आणि जुलैपासून अबू धाबीच्या यास बेटावर लढती भरवल्या. प्रवासबंदीमुळे अमेरिकेत येऊ न शकणारे फायटर तेथे उतरत होते. धोका पत्करल्याबद्दल टीका झाली, ती रास्तही होती. पण क्रीडावाहिन्यांकडे दाखवायला काहीच नसलेल्या त्या महिन्यांत यूएफसीला नवे प्रेक्षक मिळाले, हेही खरे.

१०. मोठ्या लढती नेमक्या रविवारी सकाळीच का लागतात?

कारण तेव्हा अमेरिकेत शनिवारची रात्र असते. तिकडची घड्याळे उन्हाळ्यात एक तास पुढे जातात, त्यामुळे आपल्याकडे मुख्य कार्यक्रम साधारण सकाळी साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान सुरू होतो. नागपूरकरांसाठी ही तर्री-पोह्याची वेळ आहे आणि शहरातला यूएफसीचा प्रेक्षकवर्ग तयार होण्यात या योगायोगाचा वाटा नक्कीच आहे. अबू धाबीचे कार्यक्रम आपल्याकडे रात्री दिसतात.

११. वन चॅम्पियनशिप आणि यूएफसी यांत फरक काय?

वन ही २०११ मध्ये सिंगापूरला स्थापन झालेली संस्था आहे. चात्री सित्योदतोंग हे तिचे संस्थापक. एमएमएबरोबर मुए थाई, किकबॉक्सिंग आणि नुसत्या पकडींच्या लढतीही ती भरवते, आणि २०२३ पासून बँकॉकच्या प्रसिद्ध लुम्पिनी स्टेडियममध्ये दर शुक्रवारी तिचे कार्यक्रम होतात. जमिनीवर असलेल्याच्या डोक्यावर गुडघा मारणे तेथे चालते. वजनाची पद्धतही निराळी आहे. ती प्रश्न १५ मध्ये दिली आहे. भारतीय वंशाचा कॅनेडियन मल्ल अर्जन भुल्लर आधी यूएफसीत होता आणि २०२१ मध्ये त्याने वनचा हेवीवेट पट्टा जिंकला. फोगाट भगिनींपैकी रितू फोगाटही वनमध्ये लढली.

१२. यूएफसीत भारतीय किती पुढे गेले?

आरंभ महाराष्ट्राच्या भरत खंडारेने केला. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला तो उतरला आणि पहिल्याच फेरीत सोंग याडोंगकडून हरला. तोच सोंग पुढे आपल्या वजनगटात अव्वल फायटरांमध्ये गणला गेला. उत्तराखंडच्या अंशुल जुबलीने आशियाई फायटरांसाठीची ‘रोड टू यूएफसी’ स्पर्धा फेब्रुवारी २०२३ मध्ये जिंकून करार मिळवला. त्यानंतर मात्र अबू धाबीत तिसऱ्या फेरीत आणि सिडनीत १९ सेकंदांत तो हरला. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्याच्या पूजा तोमरने ८ जून २०२४ रोजी लुइव्हिल येथे रायान दोस सांतोसला हरवले. यूएफसीत लढत जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. ती वुशूमधून आली आहे. एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने ही यादी तोकडी आहे. याचे कारण अंगमेहनतीत नसून जमिनीवरच्या खेळाच्या शिकवणीत आहे, असे माझे मत आहे, आणि पुढचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे.

१३. मी तालमीत कुस्ती केली आहे. एमएमएमध्ये त्याचा उपयोग होतो का?

फार मोठा. लढत उभ्याने चालावी की जमिनीवर, हे ज्याच्या हातात असते त्याचे पारडे जड असते आणि ते मल्लाच्या हातात असते. २००८ च्या ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीचे सुवर्ण मिळवणाऱ्या हेन्री सेहुदोने यूएफसीत दोन गटांचे पट्टे जिंकले. खबीब २९ लढती अपराजित राहून निवृत्त झाला आणि त्याचे सारे सामर्थ्य कुस्तीत आणि साम्बो या रशियन कुस्तीप्रकारात होते. पट काढण्याची सवय, मानेची ताकद, दमसास आणि अंगाला अंग लागल्यावर न गोंधळणे हे दुसऱ्या खेळातून आलेल्याला शिकायला वर्षे लागतात.

अडचण येते ती चितपटापाशी. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. एमएमएमध्ये पाठ टेकल्यावर कित्येकदा लढत सुरू होते, कारण खालचा माणूस पायांनी कंबर जखडून वरच्याचा हात किंवा गळा पकडू शकतो. रॉयस ग्रेसीने नेमके हेच दाखवले होते. याहून घातक सवय दुसरी आहे. पाठ वाचवण्यासाठी मल्ल आपसूक पोटावर वळतो. मातीत हे बरोबर आहे, पण पिंजऱ्यात पोटावर वळणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पाठ देणे. तो पाठीवर बसतो, दोन्ही पाय मांड्यांच्या आत अडकवतो, एक हात हनुवटीखालून सारतो आणि काही सेकंदांत गळा आवळला जातो. वर्षानुवर्षे अंगात मुरलेली ही हालचाल मोडायला सहसा ठोसे शिकण्यापेक्षाही जास्त वेळ लागतो. म्हणून कुस्तीतून येणाऱ्याने आधी जिउ-जित्सू शिकावे आणि मग बॉक्सिंग, असा माझा सल्ला असतो. अनेक प्रशिक्षक उलटा क्रम सांगतात.

१४. यूएफसीचा कार्यक्रम नागपुरात मानकापूरला होऊ शकेल का?

३० फुटांचा पिंजरा मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात सहज मावेल. अडचण जागेची नाही. २०२५ अखेरपर्यंत यूएफसीने भारतात एकही कार्यक्रम घेतलेला नव्हता, आणि पहिला झालाच तर तो महानगरात होईल हे उघड आहे. अमेरिकी प्रेक्षकाच्या शनिवार रात्रीसाठी येथे पहाटेच लढती सुरू कराव्या लागतील, किंवा तो प्रेक्षक सोडून द्यावा लागेल. येथे अमेरिकेसारखे राज्य क्रीडा आयोगही नाहीत. पण जेथे आयोग नसतात तेथे यूएफसी स्वतःच देखरेखीची व्यवस्था करते, त्यामुळे हा मुद्दा निर्णायक नाही. प्रश्न ९ मधली पद्धत पाहता खरी उणीव चेहऱ्याची आहे. दरम्यान एमएमएचा २०२६ च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धांत समावेश झाला आहे, आणि सरकारी मदत व मान्यतेच्या दृष्टीने ती घटना यूएफसीच्या दौऱ्याहून जास्त महत्त्वाची ठरू शकते.

१५. फायटर दोन दिवसांत इतके वजन कसे उतरवतात? आम्ही करू शकतो का?

करू नये, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तर मुळीच करू नये. वजन लढतीच्या आदल्या सकाळी होते. त्याआधीच्या दिवसांत फायटर मीठ आणि पाणी तोडतात, गरम पाण्यात बसतात किंवा वाफ घेतात, आणि शरीरातले पाणी काढून अनेक किलो उतरवतात. वजन झाले की पुन्हा पाणी आणि अन्न भरतात. हे सारे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सोबत असतानाही बिघडते. डिसेंबर २०१५ मध्ये वनच्या लढतीपूर्वी यांग जियान बिंग या चिनी फायटरचा वजन उतरवताना मृत्यू झाला. त्यानंतर वनने लघवीच्या तपासणीने शरीरातले पाणी मोजण्याची पद्धत आणली, जेणेकरून पाणी तोडून गट गाठता येऊ नये. यूएफसीने ती स्वीकारलेली नाही, आणि ही तिच्या नियमांतली मोठी त्रुटी आहे असे मी मानतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे असताना प्लॅस्टिकचा सूट घालून धावणारी मुले मैदानावर दिसतात. त्यांच्या प्रशिक्षकांनी त्यांना त्याच क्षणी थांबवले पाहिजे, कारण उष्माघात वजनकाट्याची वाट पाहत नाही.

वजन जास्त भरले तर काय, असेही विचारले जाते. साध्या लढतीत एक पौंडाची सूट असते, पट्ट्याच्या लढतीत ती नसते. त्याहून जास्त भरल्यास प्रतिस्पर्धी तयार असेल तर लढत होते, पण जास्त वजनाचा फायटर मानधनाचा काही भाग, बहुधा २० ते ३० टक्के, गमावतो. पट्ट्याची लढत असेल तर त्याला पट्टाही मिळू शकत नाही.

१६. कंपनी अब्जावधींची झाली. फायटरला किती मिळते?

सर्वाधिक येणारा आणि सर्वांत कमी समजून घेतला जाणारा प्रश्न हाच आहे. मॅकग्रेगरचे आकडे वाचून लोक सगळ्यांचा अंदाज बांधतात. नवख्या फायटरचा करार बराच काळ ‘उतरण्याचे १२ हजार डॉलर आणि जिंकल्यास आणखी १२ हजार’ अशा धर्तीचा राहिला आहे. उत्कृष्ट कामगिरीचा बोनस अनेक वर्षे ५० हजार डॉलर होता. लढती वर्षात दोन किंवा तीन. त्या पैशांतून प्रशिक्षक, व्यवस्थापक, सराव, आहार आणि कर भागवायचे असतात. फायटर कंपनीचे नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार मानले जातात, त्यामुळे त्यांना पगार नाही, निवृत्तिवेतन नाही आणि त्यांची संघटनाही उभी राहू शकलेली नाही. अमेरिकेच्या बास्केटबॉल आणि फुटबॉल लीगमध्ये खेळाडूंच्या संघटना वाटाघाटी करतात, म्हणून तेथे उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा खेळाडूंना जातो. यूएफसीत तो वाटा साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी राहिला, हे न्यायालयीन खटल्यातून उघड झाले.

तो खटला डिसेंबर २०१४ मध्ये कुंग ली आणि इतर फायटरांनी दाखल केला. दीर्घ करार करून आणि स्पर्धक कंपन्या गिळून (प्रश्न ७) यूएफसीने फायटरांची बाजारपेठच ताब्यात घेतली, असा आरोप होता. जुलै २०२४ मध्ये न्यायाधीश रिचर्ड बुलवेअर यांनी ३३.५ कोटी डॉलरची तडजोड नाकारली. त्यानंतर ३७.५ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला अंतिम मंजुरी मिळाली. २०२४ या एका वर्षातले यूएफसीचे उत्पन्न सुमारे १.४ अब्ज डॉलर होते, हे शेजारी ठेवून ती रक्कम वाचावी.

१७. मुलगा बारावीनंतर सारे सोडून एमएमए करायचे म्हणतो. काय करावे?

वरचे उत्तर त्याच्यासोबत बसून वाचावे. पदवी किंवा एखादे कौशल्य हातात ठेवून सराव करता येतो. दिवसाला दोन सत्रे त्यात बसतात. वर्ग निवडताना भिंतीवरचे फोटो पाहू नयेत. जमिनीवरच्या खेळाचा वेगळा शिक्षक आहे का, नवख्याला पहिल्या महिन्यातच जोरकस लढतीला उभे करतात का आणि डोक्याला मार बसल्यावर किती दिवस विश्रांती सक्तीची आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नावर प्रशिक्षक हसला, तर दुसरा वर्ग पाहावा.

१८. अंतरिम पट्टा म्हणजे काय? आणि लढत ‘नो कॉन्टेस्ट’ केव्हा ठरते?

विजेता दुखापतीमुळे किंवा अन्य कारणाने लढू शकत नसेल, तर कंपनी तात्पुरता पट्टा तयार करते. तो किती काळ तात्पुरता राहील याला बंधन नाही. ब्रिटनच्या टॉम ॲस्पिनॉलने नोव्हेंबर २०२३ मध्ये हेवीवेटचा अंतरिम पट्टा जिंकला आणि जून २०२५ मध्ये जॉन जोन्स निवृत्त होईपर्यंत तो अंतरिमच राहिला. मधल्या काळात ॲस्पिनॉलने त्या पट्ट्यासाठी बचावाची लढतही दिली.

अजाणतेपणी झालेल्या नियमभंगामुळे एखादा फायटर पुढे लढू शकला नाही आणि गुणांवर निकाल देण्याइतकी लढत झालेली नसेल, तर ती रद्दबातल, म्हणजे नो कॉन्टेस्ट ठरते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अबू धाबीत सिरिल गानची बोटे ॲस्पिनॉलच्या डोळ्यांत गेली आणि पहिल्याच फेरीत असेच झाले. पट्टा ॲस्पिनॉलकडेच राहिला.

१९. नियम बदलला, तर जुने निकाल बदलतात का?

नाही. जॉन जोन्सच्या नावावरचा एकमेव पराभव डिसेंबर २००९ चा आहे: मॅट हॅमिलवर सरळ वरून खाली कोपर मारल्याबद्दल त्याला अपात्र ठरवले गेले. नोव्हेंबर २०२४ पासून तसा प्रहार नियमात बसतो. पराभव मात्र नोंदीत कायम आहे.

२०. पट्टा हातात असताना फायटर यूएफसी सोडू शकतो का?

करार संपला तरच, आणि करार संपू देणे हेच कठीण असते. विजेत्याचा करार पट्टा असेपर्यंत आपोआप लांबावा, अशी कलमे यूएफसीच्या करारांत वापरली गेली आहेत. व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांना अशा सक्तीपासून संरक्षण देणारा, मुहम्मद अली यांच्या नावाचा अमेरिकी कायदा २००० सालापासून आहे, पण तो एमएमएला लागू होत नाही. फ्रान्सिस एन्गानूने जानेवारी २०२२ मध्ये पट्टा राखला आणि नव्या करारावर सही न करता मुदत संपण्याची वाट पाहिली. त्याच काळात त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रियाही झाली होती. जानेवारी २०२३ मध्ये यूएफसीने त्याला मुक्त केले आणि पट्टा रिकामा झाल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो रियाधला टायसन फ्युरीविरुद्ध मुष्टियुद्धात उतरला, त्याने फ्युरीला एकदा खाली पाडले आणि गुणांवर तो निसटता हरला. त्या एका रात्रीचे मानधन त्याच्या यूएफसीतील कोणत्याही लढतीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होते.